ब्रिटनमधली विद्यापीठं परदेशी मुलांच्या फीवर चालतात, मग तिथला प्रवेश गुणवत्तेवर मिळतो की पैशांवर?

तुम्ही लिहिलंय की मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाकडून एमएस्सीची ऑफर चार दिवसांत आली आणि आनंदाच्या आधी शंकाच आली. शंका रास्त आहे. मी इंग्लंडमध्ये सहा वर्षं शिकवलं. त्यातली तीन वर्षं आमच्या विभागाच्या एमएस्सीचे अर्ज माझ्याकडे यायचे. तिथे जे पाहिलं ते सांगतो.

पैसे मोजून जागा विकत घेता येत नाही. ऑफरमधल्या अटी पूर्ण केल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. पण त्या अटी किती सैल ठेवायच्या, हे ठरवताना फीचा हिशेब मध्ये येतो.

हिशेब असा. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवीच्या वार्षिक फीची कमाल मर्यादा सरकार ठरवतं. 2012 मध्ये ती 9,000 पौंड झाली, 2017 मध्ये 9,250, आणि मग आठ वर्षं हललीच नाही. 2025 मध्ये 9,535 झाली. मधल्या काळात पगार, वीज, इमारती, सगळंच महागलं. संशोधनासाठी मिळणारा निधीही त्याचा पूर्ण खर्च भागवत नाही. ही तूट कुठून तरी भरून काढायची, तर परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर अशी मर्यादा नाही. एका वर्षाचा एमएस्सी त्यासाठी सगळ्यात सोयीचा. अनेक विषयांत प्रयोगशाळा लागत नाही, वर्ग साठवरून दोनशेवर नेता येतो आणि दरवर्षी नवी तुकडी नवी फी घेऊन येते. 2021 मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं काम करू देणारा ग्रॅज्युएट रूट व्हिसा सुरू झाला आणि आपल्याकडून मुलांची रीघ लागली. 2022-23 मध्ये ब्रिटनमध्ये साडेसात लाखांहून जास्त परदेशी विद्यार्थी होते. त्यात भारतीय सुमारे 1 लाख 73 हजार, म्हणजे चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त.

तिथल्या मुलांची जागा आपण घेतोय का, असंही तुम्ही विचारलंय. इंग्लंडपुरतं बोलायचं तर बहुतेक विषयांत नाही. तिथे स्थानिक विद्यार्थ्यांच्या संख्येवरची मर्यादा 2015 मध्येच उठली. वैद्यकीयच्या जागा अजूनही सरकार ठरवतं, तो अपवाद. उलट परदेशी फीमुळे तोट्यातले अनेक कोर्स तगून आहेत. स्कॉटलंडचं दुखणं वेगळं. तिथल्या मुलांची फी सरकार भरतं, त्यामुळे किती जागांचे पैसे द्यायचे हेही सरकारच ठरवतं. चांगले गुण असूनही नकार मिळालेल्या मुलाला त्याच कोर्सला पूर्ण फी भरणारा परदेशी विद्यार्थी दिसतो, तेव्हा त्याला राग येणारच. तो राग मला चुकीचा वाटत नाही, फक्त तो परदेशी मुलावर निघतो हे चुकीचं आहे.

जानेवारी 2024 मध्ये तिथल्या एका वृत्तपत्राने नामांकित विद्यापीठांच्या फाउंडेशन कोर्सबद्दल, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या कोर्सबद्दल, मोठी बातमी केली होती, की परदेशी मुलं कमी गुणांवर मागच्या दाराने आत येतात. विद्यापीठांचं म्हणणं होतं की फाउंडेशन आणि थेट पदवी प्रवेश यांची तुलना करणंच चूक आहे, स्थानिक मुलांच्या फाउंडेशन वर्षालाही कमी गुण चालतात. त्यात तथ्य आहे. पण त्या सगळ्या गदारोळात कमी तयारीनिशी घेतलेल्या परदेशी मुलाचं पुढे काय होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. माझ्या मते खरा अन्याय तिथे आहे.

आमच्याकडे दर वर्षी विभागाला आकडा यायचा, परदेशी विद्यार्थी इतके हवेत. एकदा डेटा ॲनालिटिक्ससाठी एका मुलाचा अर्ज आला. पदवीला संख्याशास्त्राचा एकही पेपर नव्हता. मी नकार लिहिला. दोन आठवड्यांनी फाइल परत आली, शेरा होता की सुरुवातीला गणिताची उजळणी देऊन घेता येईल का पाहा. मी हो म्हटलं. उजळणी म्हणजे दोन-दोन तासांचे चार वर्ग. नोव्हेंबरमध्ये तो माझ्याकडे आला आणि समीकरणातलं सिग्मा चिन्ह कसं वाचायचं ते विचारू लागला. जानेवारीत दोन पेपर गेले, फेरपरीक्षेतही गेले. वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं. त्याने मला विचारलं, "सर, मला जमणार नव्हतं तर मला घेतलं कशाला?" त्याच्या ऑफरवर सही माझी होती. तो प्रश्न आजही माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या मुलाला "नाही" म्हणणं हेच त्याच्या हिताचं होतं. पण फीची गरज इतकी वाढली की "नाही" म्हणणं विद्यापीठांना परवडेनासं झालंय. एजंटकडून तर ते ऐकूच येणार नाही, कारण त्याचं कमिशन पहिल्या वर्षाच्या फीच्या टक्केवारीत असतं आणि ते मूल दाखल झाल्यावरच मिळतं.

या अवलंबित्वाचा फटका विद्यापीठांनाही बसतो. 2023 मध्ये नायजेरियाचं चलन कोसळलं आणि तिथून येणारी मुलं घटली. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात परदेशी प्रवेश घटले, त्यात आर्थिक कारभारातल्या गंभीर चुका भरीला पडल्या, आणि मार्च 2025 मध्ये 632 पदं कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला.

आता वारं उलटं फिरतंय. 2025 च्या इमिग्रेशनवरच्या श्वेतपत्रिकेत ब्रिटन सरकारने ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणायचं जाहीर केलं. विद्यापीठाने ज्यांना व्हिसासाठी प्रायोजकत्व दिलं त्यातल्या किती जणांचे व्हिसा नाकारले गेले तर चालतील, ही मर्यादाही 10 टक्क्यांवरून 5 वर आणायची ठरली. हेतू चांगला आहे. पण याने विद्यापीठं अर्जदाराआधी त्याचा देश पाहू लागतात. ज्या देशांतून व्हिसा जास्त नाकारले जातात, तिथल्या हुशार मुलीचा अर्जही मग जोखमीचा ठरतो. आधी पैशांसाठी सरसकट हो, आता व्हिसाच्या भीतीने सरसकट नाही. दोन्हीत अर्ज नीट वाचण्याचं काम राहूनच जातं.

तुमच्या मुलीबद्दल. चार दिवसांत ऑफर आली याचा अर्थ ती कमी पडते असा नाही. चांगल्या अर्जालाही इतक्या लवकर ऑफर येते. फक्त ती ऑफर म्हणजे तिच्या तयारीची पावती समजू नका. डिपॉझिट भरण्याआधी कोर्सच्या प्रोग्रॅम डायरेक्टरला तिने स्वतः ईमेल करावा, एजंटमार्फत नको. मागच्या वर्षी वर्गात किती मुलं होती, पहिल्या प्रयत्नात किती जण सगळे पेपर पास झाले, पहिल्या सत्रात कुठलं गणित किंवा प्रोग्रॅमिंग येतंय असं गृहीत धरतात, हे तीन प्रश्न पुरेत. उत्तराला वेळ लागला तर डिपॉझिटची मुदत वाढवून मागा, बहुतेकदा मिळते. आणि तिच्या पदवीच्या विषयांची आणि कोर्सच्या पहिल्या सत्राची यादी खाली टाकलीत, नाव-क्रमांक झाकून, तर कुठला पेपर जड जाईल ते मी पाहून सांगेन.