देवावर रागावलेल्या आईला

पत्र (थोडक्यात): आठ महिन्यांपूर्वी माझा चोवीस वर्षांचा मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला. आमचं घर माळकरी. मी मात्र माळ काढून कपाटात साडीखाली ठेवली. हरिपाठ तोंडात येत नाही. अजूनही दोन भाकऱ्या जास्तीच्या थापल्या जातात. हे रोज पहाटे पेटी काढून भजन म्हणतात, त्याचाही राग येतो. जाऊबाई म्हणतात, माळ उतरवलीस, आता आणखी काहीतरी होईल. यंदा दिंडीत चल, असा ह्यांचा आग्रह आहे. देवावर रागावणं पाप आहे का? कधीकधी जगूच नये असं वाटतं.
– एक आई

ताई,

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं बोलू. ते मनात ठेवू नका. बहीण, मैत्रीण, जी कुणी जवळची असेल तिला आजच स्पष्ट सांगा. घरच्यांशी बोलवत नसेल तर 14416 लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. विचार हटतच नसेल तर थेट डॉक्टरांकडे जा. त्याने भक्ती उणी होत नाही.

आता पापाचं. जनाबाईंनी विठोबाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलंय आणि पुढे त्याहून तिखट शिव्या घातल्यात. तरी तो अभंग वारकऱ्यांनी टाकून दिला नाही. जाऊबाईंना एकदा विचारा, जनाबाईंचं काय वाईट झालं?

आणि निवृत्तिनाथांचं बघा. 1296 साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्याचे अभंग नामदेवांचे आहेत. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, शिवाय गुरू. देह नाशिवंत असतो हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं? पण नामदेवांच्या अभंगात ते म्हणतात, समाधान करू जातो, काही केल्या मन राहत नाही. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी धावावं, तशी त्यांची गत झाली. संप्रदायाने हे रडणं झाकलं नाही. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीच्या कीर्तनात ते सांगतात, आणि सगळा मंडप रडतो. ‘देवाची इच्छा’ म्हणून चहा पिऊन उठणाऱ्यांपेक्षा मला तो मंडप जास्त धीराचा वाटतो. निवृत्तिनाथांचं मन राहिलं नाही, तर तुमचं आठ महिन्यांत ताळ्यावर यावं ही अपेक्षा कुणी आणि का करावी?

माळ राहू दे कपाटात. परत घालावीशी वाटली तर घाला.

वारीला मात्र आग्रहाखातर जाऊ नका. तीन आठवडे चालणं, उघड्यावर झोपणं, त्यात झोप नसलेलं शरीर. फारच वाटलं तर आळंदी ते पुणे एवढाच टप्पा चाला आणि एसटीने परत या. तुळस डोक्यावर घेतलेल्या बायकांच्या रांगेत चालताना कुणी काही विचारत नाही. विचारलंच, तर विचारणारीच्या पदरी बहुधा तसलंच काहीतरी असतं. तिच्याशी बोला.

यजमान पेटी काढतात म्हणून त्यांचं दुःख कमी, असं धरू नका. पहाटे माणूस उगाच उठत नाही. त्यांना म्हणा, तुम्ही भजन म्हणा, मी ऐकायला बसणार नाही, पण नंतर चहा घेताना मुलाविषयी बोलू या.

एक राहिलं. तुमच्या चार पानी पत्रात मुलाचं नाव कुठेच नाही. पुढचं पत्र लिहाल त्यात ते लिहा, आणि त्या दोन भाकऱ्यांबरोबर त्याला काय लागायचं तेही.