परदेशातून मूल दत्तक घ्यायचंय, निवृत्तीची पुंजी मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा. नवरा ४१ वर्षांचा, बायको ३८, दोघंही नोकरीत. परदेशातल्या एका अनाथालयातला तीन वर्षांचा मुलगा दत्तक घ्यायचं त्यांच्या मनात आहे. एजन्सीने मुलाचा फोटो पाठवलाय आणि सांगितलंय की एकूण खर्चाचा दोन तृतीयांश भाग याच महिन्यात भरलात तर मूल तुमच्यासाठी राखून ठेवू, शिवाय आमच्या फीमध्ये दहा टक्के सूट देऊ. उरलेली रक्कम प्रवासाच्या आधी द्यायची. ठेवी मोडल्या आणि अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसेही ओतले तरी सगळा आकडा गाठता येत नाही. कमी पडतील ते निवृत्तीच्या पुंजीतून काढावेत की पर्सनल लोन घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

माझं उत्तर: आत्ता दोन्ही नको. दत्तक घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. तो निर्णय तुमचा आहे आणि पत्रावरून तो विचार करून घेतलेला दिसतो. माझा आक्षेप पैसे कोणत्या क्रमाने जाणार आहेत याला आहे.

तुम्ही दिलेले आकडे इथे जसेच्या तसे छापत नाही. तुमचा एका महिन्याचा घरखर्च म्हणजे एक, असं माप धरतो, म्हणजे इतरांनाही स्वतःचे आकडे घालून बघता येतील. एजन्सीचा एकूण अंदाज १८ आहे. त्यात होम स्टडी (म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पात्रता-तपासणी) आणि कागदपत्रं दीड, एजन्सीची फी ६, तिकडची न्यायालयीन फी, वकील, भाषांतर आणि अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) मिळून ४, दोघांचा दोन वेळचा प्रवास आणि मुक्काम ५, व्हिसा व वैद्यकीय तपासणी अर्धा, आणि ‘अनाथालयाला देणगी’ १. तुमच्याकडे ठेवींमध्ये ९ आहेत, अडीअडचणीचे ४ आणि निवृत्तीच्या पुंजीत ५४. दर महिन्याला निवृत्तीसाठी ०.२ बाजूला टाकून वर ०.२५ शिल्लक राहते.

आधी सूट बघू. ती फक्त एजन्सीच्या फीवर आहे, म्हणजे सहाचे दहा टक्के, ०.६. अठरा दिवसांचा घरखर्च वाचवण्यासाठी तुम्ही बारा महिन्यांचा घरखर्च आगाऊ देणार, आणि तोही परत मिळण्याची हमी देणारी एकही ओळ कराराच्या मसुद्यात नसताना. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात ‘प्रक्रिया कोणत्याही कारणाने थांबल्यास भरलेली रक्कम परत केली जाणार नाही’ असं वाक्य आहे. त्यातल्या ‘कोणत्याही कारणाने’खाली लाल रेघ मारा. या क्षेत्रात प्रक्रिया थांबायला तुमची किंवा एजन्सीची चूक लागतच नाही.

ग्वाटेमालातून २००७ साली एकट्या अमेरिकेत चार हजारांहून जास्त मुलं दत्तक गेली. त्याच वर्षाच्या शेवटी नवा कायदा झाला आणि नव्या अर्जांचं दार बंद झालं. रशियाने डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकी कुटुंबांवर बंदी घातली, इथिओपियाने २०१८ मध्ये सगळ्याच परदेशी दत्तकांवर. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये, नातेवाइकांमधले मोजके अपवाद सोडून, परदेशी दत्तक थांबवलं, तेव्हा ज्यांचं मूल कागदोपत्री ठरलेलं होतं अशी शेकडो कुटुंबं कोविडपासून वाट बघत होती. मुलं दत्तक घेणाऱ्या देशांतही हेच चाललंय. नेदरलँड्सने २०२१ मध्ये आणि डेन्मार्कने २०२४ च्या सुरुवातीला आपापल्या देशातली प्रक्रिया रोखली. अमेरिकेत २००४ मध्ये परदेशातून सुमारे २३,००० मुलं दत्तक आली, २०२३ मध्ये दीड हजारही नाहीत. तुम्ही निवडलेला देश बंद होईलच असं नाही. पण प्रक्रियेला लागणाऱ्या दोनेक वर्षांत देश, नियम किंवा एजन्सी यांपैकी काहीतरी बदलेल हे धरूनच पैशांची आखणी करायची असते.

आता फोटो. हा विषय निव्वळ आर्थिक सल्लागाराचा नाही, पण तुमच्या पैशांची सगळी घाई त्या फोटोमुळे आहे, म्हणून बोलतो. आंतरदेशीय दत्तकासाठी १९९३ चा हेग करार आहे, १९९५ पासून लागू आहे आणि शंभराहून जास्त देश त्यात आहेत. त्यातला क्रम असा: आधी तुमच्या देशात तुमची पात्रता तपासली जाते, होम स्टडीचा अहवाल होतो, तो तिकडच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, जातो. मुलाला त्याच्याच देशात कुटुंब मिळतंय का हे आधी बघितलेलं असलं पाहिजे. मग तिकडचं प्राधिकरण तुमच्यासाठी मूल सुचवतं आणि दोन्ही देशांची संमती झाल्यावर पुढचं पाऊल पडतं. तुमची होम स्टडी अजून सुरूही झालेली नाही. अशा वेळी एजन्सी कोणतं मूल, कोणत्या अधिकाराने राखून ठेवते आहे?

त्याच कराराच्या ३२ व्या कलमानुसार या व्यवहारात कोणालाही गैरवाजवी आर्थिक लाभ घेता येत नाही, खर्च आणि वाजवी व्यावसायिक फी एवढंच आकारता येतं. मूल राखण्याचे पैसे यात कुठे बसतात ते मला दिसत नाही. देणगीचंही तेच. ती रोख आणि अनाथालयाच्या संचालकांच्या हातात द्यायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. देऊ नका. देणगी कायदेशीर असेल तर तिची रक्कम प्राधिकरणाच्या फीच्या यादीत छापलेली असेल, बँकेतून जाईल आणि तिची पावती मिळेल. मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रन या संघटनेने २००९ मध्ये म्हटलं होतं की अनाथालयांसारख्या संस्थांमधल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक जण, हयात असतात. दर मुलामागे रोख पैसे मिळू लागले की अनाथालयं भरायला वेळ लागत नाही, आणि पुढे केव्हातरी मुलाची आई समोर येते.

‘आधी स्वतः जाऊन मुलाला बघून आलो तर?’ हाही प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी घातलाय. हेग कराराचं २९ वं कलम वाचा. ठरावीक टप्पे पूर्ण होण्याआधी भावी पालकांनी मुलाच्या आई-वडिलांशी किंवा त्याला सांभाळणाऱ्यांशी संपर्क ठेवू नये असं त्यात आहे. म्हणजे स्वखर्चाने केलेली ही जादाची फेरी तुमची फाइल पुढे नेणार नाही, उलट अडकवू शकेल. देश करारात नसेल तर अडथळा कमी आणि जोखीम जास्त. मग तुमच्या स्वतःच्या देशाच्या दूतावासाकडून प्रक्रिया लेखी विचारून घेतल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

आता तुमच्या हिशेबात मुळीच नसलेली रक्कम. अठराचा आकडा विमानतळावर संपतो. मूल घरी आल्यावरचं काहीच त्यात नाही.

पत्नी सहा महिने बिनपगारी रजा घेणार आहेत. त्यांचा पगार आपल्या मापात ०.६ आहे, घरातलं एकूण उत्पन्न १.४५. रजेच्या काळात हातात ०.८५ येतील, खर्च १ आणि मुलाचा निदान ०.२५. निवृत्तीचा हप्ता थांबवला तरी महिन्याला ०.४ ची तूट, सहा महिन्यांत जवळजवळ अडीच. हे सगळं सुरळीत चाललं तर.

आणि तीन वर्षं संस्थेत वाढलेल्या मुलाच्या बाबतीत ‘सुरळीत’ शब्द जपून वापरावा. संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे मुलाची वाढ साधारण एका महिन्याने मागे पडते, असा दत्तक मुलांच्या डॉक्टरांचा ढोबळ अनुभव आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ मुलांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यात वयाच्या दोन वर्षांच्या आत संस्थेतून सांभाळणाऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअर) गेलेल्या मुलांची प्रगती उशिरा गेलेल्यांपेक्षा बरीच चांगली दिसली. तुमचा मुलगा घरी येईल तेव्हा पाच वर्षांचा असेल. याचा अर्थ तो सावरणार नाही असा अजिबात नाही. याचा अर्थ वाचा-उपचार, दात, डोळे, ऐकण्याची तपासणी, कदाचित मानसोपचार आणि शाळेत वेगळी मदत हे खर्च ‘लागले तर बघू’ या सदरात टाकता येणार नाहीत. प्रस्ताव आला की संमती देण्याआधी त्याची वैद्यकीय फाइल आंतरदेशीय दत्तकाचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. सगळ्या यादीतली ती सर्वांत छोटी फी असेल, ती वाचवू नका.

या सगळ्यासाठी मी ६ धरतो, अडीच तुटीचे आणि साडेतीन उपचारांचे. हे सहा सगळ्यात आधी वेगळ्या खात्यात टाका, एजन्सीच्या पहिल्या हप्त्याच्याही आधी. घर सारवताना आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येतात, तसंच आहे हे. अडीअडचणीचे ४ आहेत तिथेच राहू द्या. दत्तक ही ठरवून केलेली गोष्ट आहे, अडीअडचण नव्हे.

म्हणजे गरज १८ नाही, २४ आहे. ठेवींचे ९ आहेत. पुढचे २४ महिने शिल्लक साठवलीत तर ६. निवृत्तीचा हप्ता दोन वर्षं थांबवलात तर ४.८. घरखर्चाला दहा टक्के कात्री लावलीत तर २.४. बेरीज २२.२, खड्डा दोनहून कमी. तेवढ्यासाठी कर्ज घ्या, पण शेवटच्या प्रवासाच्या वेळी, तारीख पक्की झाल्यावर. दीड वर्षातच बोलावणं आलं तर खड्डा पाचापर्यंत जाईल. तेव्हा दोनचं कर्ज आणि फार तर तीन निवृत्तीच्या पुंजीतून, अशी मी मर्यादा घालतो.

पुंजीला हात लावायला मी इतका का अडतो? वयं मांडून बघा. मुलगा अठराचा होईल तेव्हा तुम्ही ५६ चे असाल. त्याच्या कॉलेजची फी आणि तुमची निवृत्ती एकमेकांच्या अंगावर येणार आहेत. पंचविशीत बाप झालेल्या माणसाला मधली दहा-पंधरा वर्षं मिळतात, ती तुम्हाला नाहीत. साडेचार वर्षांच्या खर्चाइतकी पुंजी एकेचाळिसाव्या वर्षी आधीच तोकडी आहे. हप्ता दोन वर्षं थांबवणंही फुकट नाही, पण थांबवलेला हप्ता पुन्हा सुरू करता येतो. मुदतीआधी काढलेल्या पैशांवर बहुतेक ठिकाणी कर किंवा दंड बसतो आणि ते सहसा परत भरले जात नाहीत.

विनिमय दराचंही बघा. अठरापैकी दहा परकीय चलनात जाणार आहेत, तुमचं चलन दहा टक्क्यांनी घसरलं तर एक महिन्याचा घरखर्च गेला. फाइल तिकडे स्वीकारली गेली की ते चलन थोडं थोडं घेत चला. त्याआधी नको, कारण देश बदलायची वेळ आली तर चलनही बदलेल. मुक्कामाच्या पाचात किमान एक जादा धरा, न्यायालयाची तारीख पुढे गेली की हॉटेल आणि तिकीट दोन्ही वाढतात. दत्तकानंतरचे अहवाल, त्यांचं भाषांतर आणि फी किती वर्षं लागेल हेही विचारून घ्या. इथिओपिया मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत दरवर्षी अहवाल मागत असे.

करसवलतीवर भिस्त ठेवून कर्ज काढू नका. जिथे ती आहे तिथेही पैसे मागाहून येतात. अमेरिकेत परदेशी दत्तकाची सवलत दत्तक कायदेशीरपणे पूर्ण झाल्यानंतरच मागता येते. तुमच्या कंपन्यांकडून दत्तकासाठी रजा किंवा मदत मिळते का, हे मात्र या आठवड्यातच विचारा. मिळाली तर वरची अडीचची तूट तिथल्या तिथे कमी होईल.

एजन्सीला फोन करू नका, पत्र लिहा. मागणी एवढीच करा: पैसे टप्प्यांत, प्रत्येक टप्पा झालेल्या कामाशी जोडलेला, म्हणजे होम स्टडी मंजूर झाल्यावर, फाइल तिकडे नोंदल्यावर, प्राधिकरणाचा लेखी प्रस्ताव आल्यावर, न्यायालयाचा आदेश झाल्यावर. देश बंद झाला तर न झालेल्या कामाचे पैसे परत. तिकडची फी शक्य तिथे थेट न्यायालयाला आणि प्राधिकरणाला. आणि एजन्सीचा परवाना दोन्ही देशांत चालू असल्याचा पुरावा. सूट गेली तर जाऊ द्या. यातल्या पहिल्या दोन अटींना नकार आला तर एजन्सी बदला, आत्ता तुमचे फारसे पैसे अडकलेले नाहीत.

आरोग्य विम्यात मूल कोणत्या तारखेपासून धरलं जाईल, न्यायालयाच्या आदेशापासून की तुमच्या देशात पाऊल ठेवल्यापासून, हे विमा कंपनीकडून ईमेलवर घ्या. मधले काही आठवडे मूल तिकडे तुमच्या ताब्यात असेल आणि विमा कोणाचाच नसेल. दोघांचाही मुदत विमा वाढवा. पत्नीचा विमा अजिबात नाही असं दिसतंय, तो आधी. मृत्युपत्र शेवटच्या प्रवासाला निघण्यापूर्वी करा, त्यात पालक म्हणून कोणाचं नाव घालायचं ते त्या माणसाला विचारून ठरवा, आणि त्याची प्रत घरी कोणाकडे तरी ठेवून विमानात बसा.