साक्षीभाव आणि धुऱ्यावरचा राग

भाऊ,

यवतमाळ जिल्ह्यातून आलेले आपले पत्र मी तीनदा वाचले. वडील गेल्यानंतर धाकट्या भावाने धुरा, म्हणजे शेताचा बांध, कपाशीच्या दोन ओळींइतका आपल्या वावरात सरकवला, तरी आपण त्याला एका शब्दाने विचारले नाही, कारण दोन वर्षे मोबाईलवर अद्वैताची प्रवचने ऐकून ‘मी कर्ता नाही, केवळ साक्षी आहे’ हे आपण मनाशी धरले आहे. मात्र पिकात डवरणी, म्हणजे डवऱ्याने आंतरमशागत, करताना भावाचा चेहरा आठवला की मूठ इतकी आवळते, की बोटे पांढरी पडतात. वडील कोरड्या विहिरीत उभे राहून दोर मागत आहेत, असे स्वप्न वारंवार पडते आणि पत्नी म्हणते, ‘तुम्ही घरात असून नसल्यासारखे.’ साधना चुकली का आणि मानसशास्त्राकडे वळलो तर अहंकारालाच खतपाणी मिळेल का, असे आपण विचारता.

साधना फुकट गेलेली नाही, पण तिच्याकडून आपण भलतेच काम करून घेत आहात. शंकराचार्यांच्या वेदान्तात परमार्थ (अंतिम सत्य) आणि व्यवहार (रोजचे जगणे) यांचा भेद केला आहे, तो अशा वेळी फार उपयोगी पडतो. कारण ‘कोणी कर्ता नाही’ हे परमार्थाचे वाक्य आपण भावाशी बोलणे टाळण्यासाठी, म्हणजे निव्वळ व्यवहारात वापरत आहात. बौद्ध साधना करणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी 1984 मध्ये अध्यात्माच्या या पळवाटेला नाव दिले, ते आपल्यासारखेच प्रामाणिक साधक पाहून.

स्विस मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्या मते आपण स्वतःचे जे अंग नाकारतो, ते नष्ट होत नाही, सावलीसारखे मागे राहते आणि स्वप्नातून किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्यातून समोर येते. 1937-38 च्या हिवाळ्यात युंग भारतात आले होते, पण अद्वैताचे थोर संत रमण महर्षींना भेटायला गेले नाहीत. ‘मी’ वजा केलेली जाणीव त्यांना कल्पनेतही मान्य होत नसे. तेथे ते थांबले, असे मला वाटते. परंतु सावलीबद्दल त्यांचे ऐकावे, कारण साक्षी खरोखर साक्षी असेल, तर आवळलेली मूठसुद्धा त्याला दिसायला हवी. आपला साक्षी मात्र नेमका तेथेच डोळे मिटतो.

आपल्याच विदर्भातले, बालपणीच दृष्टी गेलेले गुलाबराव महाराज अद्वैती होते, तरी त्यांनी प्रेमभक्ती सोडली नाही आणि आपल्या मताला ‘मधुराद्वैत’ म्हटले. अद्वैत म्हणजे मन कोरडे करणे नव्हे, याचा याहून जवळचा दाखला मला ठाऊक नाही.

म्हणून प्रवचने काही आठवडे कमी करावीत. राग आला की डवरा थांबवून तो छातीत आहे, जबड्यात आहे की हातात, हे पाहावे. ‘हा मी नव्हे’ असे लगेच म्हणू नये. भावासमोर बसून धुऱ्याचा विषय काढावा आणि तोडगा निघालाच नाही, तर भूमी अभिलेख कार्यालयातून सरकारी मोजणी मागवावी, त्याने वैराग्याला बाधा येत नाही. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत क्रमांकावर त्याच दिवशी बोलावे.

विहिरीतून दोर मागणारे ते वडील आहेत, की त्यांच्यासाठी न रडलेले आपण, हे दुरून मी ठरवू नये. आज जेवण झाल्यावर ते स्वप्न वहिनींना सांगा आणि केवळ ऐकून घ्या म्हणा.