आधी ती ट्यूब बघू

प्रिय पोरी,

तुझे दोन्ही फोटो मिळाले. एक चेहऱ्याचा, दुसरा तू लावतेस त्या क्रीमच्या ट्यूबचा. घरातलं लग्न तोंडावर आलंय म्हणून तू विचारलंयस चेहऱ्याबद्दल, पण घाई ट्यूबची आहे. तिथूनच सुरू करते.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं आहेत: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. हे औषध आहे, आणि त्यातलं तिसरं नाव स्टेरॉइडचं. वांगाच्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ असं मिश्रण ठरावीक आठवडे, रात्री, डागापुरतं लावायला देतात. तू सहा आठवडे दिवसातून दोनदा अख्ख्या चेहऱ्याला फासते आहेस, मैत्रिणीने सांगितलं आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही म्हणून.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुला फरक दिसला, तो खरा होता. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि पुरळ दबतं, चेहरा एकसारखा आणि उजळ वाटतो. पुढे कातडी पातळ होत जाते. गालावर लाल जाळी दिसू लागते, उन्हात गेल्यावर चुरचुरतं, हनुवटीवर एकाच आकाराचे बारीक फोड येतात, कधी लव वाढते. अशा वेळी घाबरून मलम बंद केलं की सगळं उसळून वर येतं, पुन्हा लावलं की शांत होतं. यातच मुली वर्षानुवर्षं अडकतात. क्रीम थांबवल्यावर चेहरा बिघडला म्हणजे ‘आपली त्वचाच मुळात वाईट’ असा अर्थ त्या काढतात, आणि तो चुकीचा असतो.

म्हणून या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. किती दिवस, दिवसातून किती वेळा आणि किती जाडीचा थर, हे कागदावर लिहून ने. एकदम बंद करायचं की हळूहळू कमी करायचं, हे तेच ठरवतील. त्या काळात चेहऱ्याला लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नकोस. लिंबाच्या रसाची आम्लता त्वचेच्या कितीतरी पट जास्त असते, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. साधं मॉइश्चरायझर आणि तीसच्या वर एसपीएफचं सनस्क्रीन पुरे. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर ओढ, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक जणी त्याच्या निम्म्याहून कमी लावतात आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतात.

पार्लरमधल्या त्या क्रीमच्या डबीबद्दलही लिहिलंयस. जिच्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, घटकांची यादी नाही, ती उघडूसुद्धा नकोस. अशा डब्यांत पारा निघतो. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून शिरून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची बातमी आली होती: पार्लरमधून आणलेलं क्रीम, मूत्रपिंडाचा आजार, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर क्रीममध्ये सापडलेला पारा. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरममधूनही तसेच रुग्ण पुढे आले. पायावर किंवा डोळ्यांखाली सूज, लघवीला फेस, असं काही असेल तर लघवीची तपासणी करून घे आणि डॉक्टरांना क्रीमचं नाव आपणहून सांग. ते विचारतीलच असं नाही.

आता चेहऱ्याचा फोटो. ‘नाक केवढं दिसतंय बघा’ असं तू खाली लिहिलंयस. तो सेल्फी आहे, म्हणजे फोन तुझ्यापासून जेमतेम ३० सेंटिमीटरवर होता. इतक्या जवळून जे पुढे आहे ते फुगतं आणि जे मागे आहे ते आक्रसतं, म्हणून नाक मोठं आणि कान गायब. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला होता: दीड मीटरवरून दिसणाऱ्या नाकाच्या तुलनेत १२ इंचांवरून ते जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. लोक सेल्फी घेऊन नाकाची शस्त्रक्रिया मागायला येऊ लागले, म्हणून त्यांना हे गणित करावं लागलं. शिवाय स्वतःचा चेहरा आपण जन्मभर आरशात, म्हणजे उलटा, पाहत आलेलो असतो. फोटोत तो सुलट आला की भांग, भुवई, जिवणी सगळंच वाकडं वाटतं. फक्त आपल्यालाच वाटतं, बाकीच्यांनी तो तसाच पाहिलेला असतो.

करून बघ. समोरच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ब्युटी’ शून्यावर आण. बऱ्याच फोनमध्ये ते विकत घेतल्यापासूनच चालू असतं. खोलीतल्या मैत्रिणीला फोन दे, मागचा कॅमेरा, दोन मीटर अंतर, दोन पट झूम. तू खिडकीकडे तोंड करून उभी राहा, डोक्यावरचा ट्यूबलाइट बंद, कारण त्याच्याच उजेडाने डोळ्यांखाली खड्डे दिसतात. एकच फोटो काढा. वीस काढून त्यातला ‘बरा’ शोधत बसलीस तर सगळा उद्देशच बुडाला.

तू सेव्ह केलेल्या रीलमधल्या मुलीच्या त्या दिसण्यामागे गोल दिवा आहे, मेकअप आहे, फिल्टर आहे आणि न टाकलेले कितीतरी व्हिडिओ आहेत. हे तुलाही माहीत आहे, आणि माहीत असूनही त्रास होतो, यात तुझा मूर्खपणा नाही. ‘फोटोत फेरफार केला आहे’ अशी सूचना जाहिरातींत छापायचा नियम फ्रान्सने २०१७ मध्ये लागू केला, नॉर्वेने २०२२ मध्ये. अशा सूचनांवर जे प्रयोग झाले त्यांतून फारसं हाती लागलं नाही. तुलना सूचना वाचायच्या आधीच होऊन गेलेली असते.

ती किती लवकर मुरते याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण फिजी बेटांवरचं. तिथे भरल्या अंगाला मान होता. १९९५ मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधिकेने त्याच सुमारास आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना विचारलं. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. आपल्याकडे तर टीव्हीची वाटही बघावी लागली नाही. ‘गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस’ हे बायोडाटात आधीपासूनच होतं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आलं ते तयार गिऱ्हाइकापुढे. २०२० मध्ये त्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. आता पार्लरच्या पाटीवर ‘डी-टॅन’ आणि ‘ब्राइटनिंग’ असतं. ऊन लागून आलेला काळेपणा उतरू शकतो, हे खरं. पण दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथला रंग बघ. तो तुझा मूळ रंग. त्याच्या पलीकडे नेण्याचं आश्वासन जो देतो तो एकतर खोटं बोलतोय किंवा डबीत वरच्यासारखं काहीतरी आहे.

‘विठोबासुद्धा सावळाच की’ असं आजी म्हणते, त्याने तुला बरं वाटत नाही, असं तू लिहिलंस. नाहीच वाटणार. समजूत घातली म्हणजे उणीव आहे हे मान्य करूनच घातली. म्हणूनच ‘तू सुंदर आहेस’ असं मीही लिहीत नाही. उद्या दुसरं कुणी उलट म्हणेल आणि तू पुन्हा तराजूत बसशील. माझ्या मते तुला उत्तर बदलायची गरज नाही. ‘मी कशी दिसते’ हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा समोर येतो, तो चार वेळा आला पाहिजे. हे काम बरंचसं यांत्रिक आहे.

फोनपासून सुरू कर. कॅनडात १७ ते २५ वयाच्या २२० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला एक तासावर आणायला सांगितलं. त्यांची सरासरी प्रत्यक्षात ७८ मिनिटांवर थांबली, म्हणजे मर्यादा पाळली गेलीच नाही, तरीही स्वतःच्या दिसण्याबद्दलचं त्यांचं मत सुधारलं. तेव्हा एक तासाचा टायमर लाव आणि मोडला तर पुन्हा लाव. आणखी एक गोष्ट: राग येऊनसुद्धा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलास तर ॲप त्याची नोंद आवड म्हणूनच घेतं. पहिल्या दोन सेकंदांत ‘नॉट इंटरेस्टेड’ दाब आणि पुढे सरक. आठवडाभर चिकाटीने केलंस तर फीड बदललेलं दिसेल.

आरसा हातभर अंतरावर. जवळ जाऊन एकेक छिद्र तपासायचं नाही, इतक्या जवळून तुला कुणीही पाहत नाही. दिवसातून ठरलेल्या तीन वेळा, दात घासताना, निघताना, झोपताना. मधल्या वेळी फोनच्या काळ्या काचेत डोकावायची सवय आहे ना? तीही मोज.

मैत्रिणींत ‘अगं किती बारीक झालीस!’ हे कौतुक म्हणून बोलायचं बंद करा. बोलणारीचं काही जात नाही, ऐकणारी रात्री जेवत नाही. तुझ्या भावालाही सांग, पडद्यावरची ती पोटाची चौकट बऱ्याचदा मीठ-पाणी तोडून, शॉटच्या ऐन आधी जोर मारून, त्या काही मिनिटांपुरती उठवलेली असते. जिमवाल्याने स्नायू फुगवायच्या इंजेक्शनची गोष्ट काढली तर सरळ घरी यायचं.

लग्नात आत्या ‘रंग उतरला गं तुझा’ म्हणणार. वाद घालू नकोस, समजावूही नकोस. ‘हो का? आत्या, गुडघा कसा आहे तुमचा?’ एवढं पुरतं. आईशी मात्र आधी बोल, एकच मागणं घेऊन: चारचौघांत माझ्या रंगाचा विषय काढायचा नाही, आणि दुसऱ्याने काढला तर हसायचं नाही.

एका गोष्टीत मात्र माझं हे पत्र पुरणार नाही. दिसण्याच्या विचारात रोज तासाहून जास्त जात असेल, त्यापायी वर्ग बुडत असतील, चेहरा कुरतडला जात असेल, जेवून उलटी काढावीशी वाटत असेल, किंवा तीन महिने पाळी आली नसेल, तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जगणं नकोसं वाटलं तर त्याच मिनिटाला लाव आणि खोलीतल्या मैत्रिणीला उठव.

लग्नाला तेवीस दिवस आहेत. तोवर चेहरा थोडा लाल राहील, कदाचित पुरळही येईल. फोटोत दिसेल. दिसू दे. आणि ती ट्यूब रागाने कचऱ्यात टाकू नकोस, खोक्यासकट पिशवीत ठेव. डॉक्टरांना ती बघायची आहे.

तुझी,
ताई