'लिलावदार' कोण : पुकारणारा की घेणारा?

न्यायालयीन विक्रीच्या एका जाहीर नोटिशीत 'लिलावदाराने बोलीच्या रकमेचा चौथा हिस्सा जागेवरच भरावा' असे वाक्य एका वाचकाला आढळले. लिलावदार म्हणजे लिलाव करणारा, असे ते आजवर समजत आले होते; मग विक्रीचे काम पाहणाऱ्यानेच पैसे का भरायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. त्याला जोडून त्यांनी असेही विचारले आहे की, लिलावदार जर घेणारा असेल, तर लिलाव चालवणाऱ्याला मराठीत काय म्हणावे?

नोटिशीपुरते उत्तर सरळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१, नियम ८४ प्रमाणे, स्थावर मालमत्ता ज्याच्या नावावर पुकारली जाते त्याने किमतीच्या २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरायची असते, आणि नियम ८५ प्रमाणे उरलेली रक्कम विक्रीपासून पंधराव्या दिवसापर्यंत. तेव्हा त्या वाक्यातला लिलावदार हा खरेदीदारच आहे. तरीही वाचकाची समजूत निराधार नव्हती, कारण हा शब्द खरोखरच दोन्हीकडे झुकतो.

'लिलाव' आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. तिकडच्या शब्दाच्या शेवटी जो सानुनासिक 'आंव' असा उच्चार आहे, त्याचा मराठीत 'आव' झाला. 'पाव' हा शब्दही याच वाटेने आला आहे. हिंदीत त्याच शब्दाचे 'नीलाम' झाले, मराठीने मात्र मुळातला 'ल' सोडला नाही. '-दार' हा प्रत्यय फारसी असून त्याचा मूळ अर्थ बाळगणारा, धारण करणारा असा आहे. कर्जदार कर्ज देत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज असते. ठेकेदार, मक्तेदार, इजारदार हे सारे ठेका, मक्ता, इजारा घेतलेले लोक. या साच्यात बसवले की लिलावदार म्हणजे ज्याच्याकडे लिलाव गेला तो. पण याच प्रत्ययाने सुभेदार, फौजदार, चौकीदार हेही शब्द घडले आहेत, आणि तिथे धारण केलेली गोष्ट म्हणजे कामाची जबाबदारी. त्या साच्यात लिलावदार म्हणजे लिलावाचे काम ज्याच्यावर सोपवले आहे तो. व्याकरण दोन्हींना वाव देते, त्यामुळे निवाडा वापरावरच करावा लागतो.

माझ्या मते हा गोंधळ नामांनी केला आहे. क्रियापदे वापरली तर तो उरतच नाही. ज्याचा माल असतो तो लिलाव 'ठेवतो' किंवा वस्तू लिलावात 'काढतो'. मधला माणूस लिलाव 'पुकारतो'. समोरचे लोक बोली 'बोलतात', ती 'चढवतात'. शेवटी ज्याला लिलाव 'सुटतो' तो लिलाव 'घेतो'. 'त्याने लिलाव घेतला' या वाक्याने बोलणाऱ्या मराठी माणसाचा कधीच घोटाळा होत नाही, 'लिलावदार' लिहिले की मात्र होतो.

पुकारणाऱ्याच्या कामाचे मर्म ज्या शब्दांत आहे ते शब्द म्हणजे 'एक वार, दोन वार, तीन वार'. हा 'वार' तलवारीचा नव्हे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण हातोडीच्या ठोक्याशी त्याचा संबंध जोडलेला मी अनेकदा ऐकला आहे. 'एकवार', 'अनेकवार', 'वारंवार' यांतला खेप या अर्थाचा संस्कृत 'वार' तो हाच. पुकारणारा शेवटची रक्कम उच्चारून 'एक वार' म्हणतो, सगळ्यांकडे नजर फिरवतो, 'दोन वार' म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात कोणी बोली वाढवली तर मोजणी मोडते आणि नव्या रकमेवर पुन्हा 'एक वार' सुरू होते. 'तीन वार' उच्चारले की व्यवहार पक्का होतो. मालविक्री अधिनियम, १९३० मधील कलम ६४ हेच सांगते : हातोडी पाडून किंवा रूढ असलेल्या अन्य रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे पुकारणाऱ्याने जाहीर केले की विक्री पूर्ण होते, आणि तोवर बोलणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते. बोली हा केवळ प्रस्ताव असतो, त्याचा स्वीकार पुकारणाऱ्याच्या तोंडून होतो. तोही स्वतःसाठी नव्हे, तर विकणाऱ्याच्या वतीने.

एकच शब्द दोघांना वापरणे मला गैर वाटते ते यामुळेच. ज्या संहितेचा वर उल्लेख केला तिच्याच आदेश २१ मधील नियम ७३ म्हणतो की, विक्रीच्या कामात ज्याचे काही कर्तव्य आहे त्याने त्या विक्रीत प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने बोली बोलू नये. कायदा ज्या दोन माणसांना इतक्या कटाक्षाने वेगळे ठेवतो, त्यांना नोटिशीने एका नावाखाली आणू नये. घेणाऱ्यासाठी 'लिलावधारक' हा शब्द शासकीय लेखनात रुळलेला आहे. अर्थाने तो 'लिलावदार'चाच संस्कृत अवतार असला तरी संदिग्ध नाही, कारण पुकारणाऱ्याला लिलावधारक कोणी म्हणत नाही. लिलाव संपण्यापूर्वी ज्यांचा उल्लेख करायचा, त्यांना 'बोली बोलणारे' किंवा 'बोलीदार' म्हणावे.

पुकारणाऱ्यासाठी वृत्तपत्रांत 'लिलावकर्ता' रूढ आहे, आणि २०२३ मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगचा आणि नंतर आयपीएलचा लिलाव मल्लिका सागर यांनी चालवला तेव्हापासून 'लिलावकर्ती' हे रूपही सहज वाचनात येऊ लागले. शब्द चांगला आहे, फक्त 'करणे' हे क्रियापद जरा सैल पडते : 'बँकेने घराचा लिलाव केला' या वाक्यात कर्ता बँक असते, पुकारणारा नसतो. जिथे दोघांचाही उल्लेख आहे अशा मजकुरात मी 'लिलाव पुकारणारा' असेच लिहितो. दोन शब्द लागतात, पण वाचणाऱ्याला मागे वळून पाहावे लागत नाही.

ई-लिलावात हा पुकारणाराच नाहीसा झाला आहे. तिथे बोली पडद्यावर टाइप होते आणि ठरलेली वेळ संपली की व्यवहार थांबतो. 'तीन वार' म्हणायला कोणी नसते. तरीही 'ई-लिलाव पुकारण्यात येत आहे' असे वाक्य जाहिरातींत दिसते. तिथे 'ठेवण्यात येत आहे' असे लिहावे.