अर्जेंटिना म्हणजे चांदी, हे खरं का?

प्रश्न : आमचा हुपरीत पैंजणांचा धंदा आहे. वर्ल्ड कपच्या वेळी पोरांनी दुकानासमोर अर्जेंटिनाचा झेंडा लावलेला, तेव्हा कारागीर म्हणाला की त्या देशाचं नावच चांदीवरनं पडलंय. खरं काय? तिथं खाणी होत्या का? आणि पलीकडच्या गल्लीतल्या ब्राझीलवाल्यांचं काय?
— एक वाचक, हुपरी

उत्तर : कारागिराचं अगदी बरोबर आहे. लॅटिनमध्ये चांदी म्हणजे अर्जेंटम, केमिस्ट्रीत चांदीची खूण एजी पाठ केलेली ती त्यावरनंच, आणि आपला संस्कृत रजतसुद्धा त्याच मुळातला, त्यामुळं हुपरीकरांचं या देशाशी नातं फुटबॉलच्याही आधीचं आहे म्हणायला हरकत नाही.

खाणींचं मात्र वेगळं आहे. 1516 मध्ये सोलिस नावाचा स्पॅनिश दर्यावर्दी तिथल्या नदीच्या मुखाशी पोचला, पात्र एवढं अफाट की त्यानं नाव दिलं गोडा समुद्र. तो तिथंच मारला गेला. मग 1526 ला सेबॅस्टियन कॅबट स्पेनहून निघाला, जायचं होतं मसाल्याच्या बेटांकडं पण वाटेत चांदीच्या डोंगराच्या गोष्टी कानावर आल्या आणि यानं सरळ नदीतच जहाजं घातली. काठच्या लोकांकडं थोडीफार चांदी मिळाली, झालं, नदी झाली रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. पण ती चांदी नदीतली नव्हतीच, अँडीज डोंगराकडनं हातोहात आलेली. खरा डोंगर पोतोसीचा, 1545 ला सापडला आणि आज तो बोलिव्हियात आहे! म्हणजे चांदी एकाकडं आणि नाव दुसऱ्याकडं. आता अर्जेंटिनातही पॅटागोनियात चांदी काढतात, पण नाव पडलं तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता.

नदीचं नाव देशाला लागायला वेळ लागला. 1602 मध्ये बार्को सेंतेनेरा या कवीनं तिथल्या मुलखावर लांबलचक काव्य छापलं, त्याचं नाव प्लाताऐवजी लॅटिन अर्जेंटमवरनं ठेवलं ला आर्हेंतिना (अर्जेंटिनाचाच स्पॅनिश उच्चार), तिथनं शब्द रुळला आणि 1860 ला राष्ट्राध्यक्ष देर्की यांनी सरकारी कागदोपत्री अर्जेंटिना प्रजासत्ताक हेच नाव वापरायचा हुकूम काढला.

ब्राझीलचं नाव लाकडावरनं. युरोपात लाल रंगासाठी आशियातनं पतंग नावाच्या झाडाचं लाकूड जायचं, त्याला तिकडं ब्राझील म्हणायचे. पोर्तुगीजांना नव्या किनाऱ्यावर तसंच लाल लाकूड देणारी झाडं सापडली आणि पवित्र क्रुसाची भूमी हे त्यांनी आधी ठेवलेलं नाव मागं पडलं.