मीटर जीपीएसला जुळवू नका, स्प्रॉकेटची चूक तेवढी काढा

तुम्ही दिलेली माहिती अशी: मोटरसायकलचा कंपनीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) काढून प्रोग्रॅम करता येणारा बसवला, त्याच वेळी पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ दातांऐवजी १४ दातांचं टाकलं, मागचं ४५ चंच ठेवलं. स्पीड सेन्सर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या, पुढचं स्प्रॉकेट फिरवणाऱ्या शाफ्टवर आहे. आता जीपीएसवर ४०, ६०, ८०, १०० असताना मीटर ४६, ६८, ९०, ११२ दाखवतं, आणि इंजिन चढलं की मधूनमधून आकडे उडतात. मीटर जीपीएसशी तंतोतंत कसं जुळवायचं, हा तुमचा प्रश्न.

तंतोतंत जुळवू नका. मी एकदा तेच केलं होतं. त्याचा परिणाम पुढे सांगतो.

आधी तुमचे आकडे बघू, कारण ते फार चांगले घेतलेत. खरा वेग २० ने वाढला की मीटर दर वेळी २२ ने वाढतंय. म्हणजे चुकीचे दोन तुकडे आहेत: वेगाबरोबर वाढणारे १० टक्के आणि सगळीकडे सारखे जास्तीचे २. हे २ कुठल्याही स्प्रॉकेटमुळे येत नाहीत, ते मीटरच्या प्रोग्रॅममध्येच घातलेले असतात. आता त्या १० टक्क्यांत स्प्रॉकेटचा वाटा किती? पुढे १४ दात असताना तेवढ्याच वेगाला शाफ्टला १५/१४ पट फिरावं लागतं, म्हणजे ७.१ टक्के जास्त. उरलेले पावणेतीन टक्के आणि ते २ किलोमीटर कंपनीनेच दिलेले आहेत. ईसीयूचा या गणितात काही संबंध नाही. ईसीयूची इंधन-इग्निशनची सेटिंग (मॅप) कितीही बदला, चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फिरतो हे दातच ठरवतात.

कंपनी मुद्दाम जास्त का दाखवते? संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम ३९ सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर इथपर्यंतच. शंभरला ११४ पर्यंत चालतं. टायर झिजतो, हवा कमीजास्त होते, दुसऱ्या मापाचा टायर बसतो. हे सगळं धरून कंपनी वरच्या बाजूला राहते.

पण ओडोमीटरला ही वाढ लावलेली नसते. तो थेट सेन्सरकडून येणारे ठोके (पल्स) मोजतो आणि बहुतेक गाड्यांवर खऱ्या अंतराच्या बराच जवळ असतो. मी जीपीएसशी जुळवायला सरसकट टक्केवारी कापली तेव्हा वेग बरोबर दिसू लागला आणि ओडोमीटर मागे पडला. ऑइल बदलायची वेळ, चेनची नोंद, मायलेज, सगळं चुकलं. मला ते कळलं दोन सर्व्हिस उलटल्यावर, एका लांबच्या प्रवासात मैलाच्या दगडांशी आकडे ताडून पाहिले तेव्हा. तुमचं सध्या उलट चाललंय: १००० किलोमीटरला ओडोमीटर १०७१ मोजतोय, त्यामुळे मायलेज आहे त्यापेक्षा छान दिसत असणार.

म्हणून फक्त १४/१५ चा हिशेब दुरुस्त करा. दात मोजलेले आहेत, त्यामुळे याला जीपीएसचीही गरज नाही. नव्या ईसीयूत किंवा कॅलिब्रेटरमध्ये (मीटरकडे जाणारा सिग्नल दुरुस्त करणारी छोटी डबी) टक्के मागितले तर उणे ६.७ टाका. ७.१ टाकू नका, इथे बरेच जण चुकतात: वाढलेल्या आकड्यातून मूळ आकड्यावर यायला १४/१५ ने गुणायचं असतं. चाकाचा परीघ मागितला तर आहे तो आकडा गुणिले १४/१५, आणि किलोमीटरमागे पल्स मागितले तर गुणिले १५/१४.

टायरचं माप बदललं असेल तरच परीघ नव्याने मोजावा लागेल. १४०/७०-१७ चा कागदावरचा परीघ १९७२ मिलिमीटर, १५०/६०-१७ चा १९२२. पण वजनाखाली टायर दबतो, म्हणून हवा योग्य भरून, कुणाला तरी सीटवर बसवून, टायरवर खडूची खूण करा, सरळ रेषेत पाच फेऱ्या गाडी ढकला आणि अंतराला पाचाने भागा.

आता उडणारे आकडे. हे कॅलिब्रेशनने कधीच जाणार नाही. आधी हे तपासा: ५० चा वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरा, मग तोच पाचव्यात. तिसऱ्यात उडतं आणि पाचव्यात शांत राहतं, तर इग्निशनचा गोंगाट सिग्नलच्या वायरमध्ये शिरतोय. दोन्हीकडे उडतं तर सेन्सर, त्याची समोरच्या फिरत्या भागापासूनची फट किंवा कनेक्टर बघा.

तीन वायरचा हॉल सेन्सर (चुंबकीय बदल ओळखून सिग्नल देणारा) असेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये स्टँडवर, आणि मागचं चाक हाताने हळू फिरवत सिग्नलचा व्होल्टेज मोजा. तो शून्याच्या आसपास आणि पूर्ण ५ (काही गाड्यांत १२) असा खालीवर व्हायला हवा. वर पूर्ण जात नसेल तर माझा पहिला संशय पुल-अप रेझिस्टरवर, म्हणजे सिग्नल वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरवर. असे बरेच सेन्सर सिग्नल फक्त खाली ओढतात, वर ओढायचं काम जुन्या ईसीयूच्या आत होत असतं, आणि तो काढला की ते काम कुणीच करत नाही. सेन्सर या प्रकारचा आहे याची खात्री करून सिग्नल आणि ५ व्होल्टच्या मध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. मीटर ५ व्होल्टचं असेल तर चुकूनही १२ ला जोडू नका. व्होल्टेज ठीक असेल तर सिग्नलची वायर इग्निशन कॉइलपासून लांब न्या, सेन्सरची अर्थिंगची वायर सेन्सरसाठीच्याच अर्थिंगला ठेवा आणि स्पार्क प्लग व त्याची कॅप रेझिस्टरवाले आहेत का पाहा.

कॅलिब्रेटर बाहेरून लावणार असाल तर सिग्नलच्या वायरची ईसीयूकडे जाणारी फांदी सोडून फक्त मीटरकडे जाणाऱ्या फांदीत लावा. ईसीयू आरपीएम आणि शाफ्टचा वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखत असेल तर त्याला खरा शाफ्टच दिसला पाहिजे. वरचे गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की साडेसहा टक्क्यांच्या फरकाने पाचवा-सहावा यांत गोंधळ होऊ शकतो. एबीएसच्या सेन्सर वायरींना तर हातच लावू नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

दुरुस्तीनंतर पुन्हा त्याच चार वेगांना आकडे घ्या. सरळ, सपाट, मोकळा रस्ता, वेग दहा-पंधरा सेकंद स्थिर, कारण जीपीएसचा आकडा थोडा मागून येतो. चालवताना वाचत बसू नका, मीटर आणि फोन एकाच चौकटीत येतील असा कॅमेरा लावा. साधारण ४३, ६४, ८४ आणि १०५ दिसले पाहिजेत.